ट्रॉलीच्या टायरमध्ये हवा किती?

आपल्याकडे शाळा सुटायची वेळ आणि उसाच्या गाड्या कारखान्याकडे निघायची वेळ बहुधा एकच असते. गळीत हंगाम सुरू झाला की दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या गावांतून एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या निघतात आणि त्याच अरुंद रस्त्याने आपली मुले सायकलवरून घरी परततात. जानेवारी २०२५ मध्ये अशाच एका संध्याकाळी, शाळेच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, मागच्या ट्रॉलीचा डावा टायर फुटला. आवाज ऐकून माणसे घराबाहेर आली. ट्रॉली एका अंगावर कलली, दोर तुटला आणि उसाच्या मोळ्या रस्त्याकडेला कोसळल्या. आपली सातवीतली एक विद्यार्थिनी सायकल तिथेच टाकून बांधापलीकडे पळाली म्हणून बचावली. तिची सायकल दुसऱ्या दिवशी ऊस उचलल्यावर सापडली.

त्यानंतरच्या पालकसभेत तावातावाने चर्चा झाली. शाळेची वेळ बदला, गाड्यांचा रस्ता बदला, चालकांवर तक्रार करा, अशा सूचना आल्या. त्यांचा विचार विश्वस्त मंडळ करीत आहे. विज्ञान शिकवणाऱ्या आम्ही शिक्षकांनी मात्र नववी-दहावीच्या मुलांना बरोबर घेऊन एक साधा प्रश्न हाती घेतला : टायर फुटला का? ट्रॉलीचे मालक आपल्याच शाळेचे एक पालक आहेत. ते स्वतःहून शाळेत आले, मुलीला नवी सायकल घेऊन दिली आणि फुटलेला टायर आम्हाला पाहायला दिला. "सर, नक्षी तर बोटाचं पेर बुडेल एवढी होती की!" असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. नक्षी खरोखरच खोल होती. त्या एका वाक्यामुळेच आम्हाला हा लेख लिहावासा वाटला. त्यांच्या संमतीने तो लिहीत आहोत.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवायचा आणि पाणी ओतून ती आवळायचा, हे आजोबांच्या पिढीने पाहिलेले आहे. त्या चाकात गाडीचे वजन लाकूड आणि लोखंड तोलत असे. बेलफास्टमधील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्यांच्या आधी रॉबर्ट थॉमसन यांना १८४५ मध्येच ही कल्पना सुचली होती व तिचे पेटंटही मिळाले होते, पण तिचा त्या काळी प्रसार झाला नाही. हवेचा टायर आला आणि वजन तोलण्याचे काम रबराकडून हवेकडे गेले. टायर ही नुसती पिशवी आहे, भार उचलते ती पिशवीत कोंडलेली हवा. ही एक गोष्ट मनात नीट बसली तर टायरबद्दलच्या पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप उलगडतात.

मुलांना हे पटावे म्हणून आम्ही वर्गात सायकलवर प्रयोग केला. सायकलच्या टायरला शाई लावली, खाली आलेख कागद ठेवला, एका मुलाला सीटवर बसवले आणि कागदावर उमटलेल्या ठशातले चौकोन मोजले. एका चौरस सेंटिमीटरवर हवेचा दाब किती, याला ठशाच्या क्षेत्रफळाने गुणले की त्या चाकावरचे वजन निघायला हवे. दोन्ही चाकांची बेरीज मुलाच्या व सायकलच्या वजनाशी तंतोतंत जुळली नाही, पण जवळपास आली. थोडा फरक पडला, कारण टायरची भिंतही थोडासा भार घेते. मग हवा कमी करून पुन्हा ठसा घेतला. वजन तेवढेच, पण ठसा लांबट आणि मोठा झाला.

तेच गणित ट्रॉलीला लावू. बोलताना आपण 'सत्तर पौंड हवा' म्हणतो, ती दर चौरस इंचाला सत्तर पौंड या दाबाची असते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४.९ किलो. एका चाकावर २००० किलो भार आहे असे उदाहरणापुरते धरले तर २००० भागिले ४.९, म्हणजे सुमारे ४०८ चौरस सेंटिमीटर एवढा ठसा जमिनीवर पडेल. हवा ५० पौंडांवर आली की दाब ३.५ किलो होतो आणि ठसा ५७० चौरस सेंटिमीटरच्या घरात जातो. वाढीव ठशासाठी लागणारी जागा टायर कुठून आणतो? बाजूची भिंत वाकवून आणतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात भिंतीचा तो भाग खाली आला की वाकतो आणि वर गेला की सरळ होतो.

फेरे किती होतात हेही मुलांनी काढले. ट्रॉलीला पुष्कळदा ९.००-१६ मापाचा टायर असतो. यातला ९ हा टायरच्या रुंदीचा आकडा आणि १६ हा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. जुन्या धाटणीच्या टायरची उंची रुंदीएवढीच धरता येते, म्हणून एकूण व्यास १६ अधिक ९ अधिक ९, म्हणजे ३४ इंच, सुमारे ८६ सेंटिमीटर. परिघ २.७ मीटर. एका किलोमीटरला साधारण ३७० फेरे. कारखाना ३० किलोमीटरवर असेल तर एका खेपेत टायरची भिंत ११ हजार वेळा वाकते. एखादी तार हाताने वीस-पंचवीस वेळा वाकवून पाहा, वाकते त्या जागी बोटाला चटका बसतो. टायरमध्ये हेच होते. रबर उष्णता लवकर बाहेर सोडत नाही, त्यामुळे ती आतल्या धाग्यांच्या थरांत साठत जाते, थरांना धरून ठेवणारी पकड सुटू लागते आणि एके ठिकाणी थर वेगळे होतात. बाहेरून काहीच दिसत नाही. मग रस्त्यातला एखादा खड्डा निमित्त होतो आणि आपण म्हणतो, "खड्ड्यामुळे टायर गेला."

हीच गोष्ट अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर घडली होती. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले पुष्कळसे फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांना लावलेले होते. धावत्या गाडीत टायरचे वरचे थर सुटून गाड्या उलटत होत्या आणि माणसे दगावत होती. बनावटीतले दोष, कमी हवा, जादा भार, वेग आणि उन्हाळा या सगळ्यांची चर्चा तेव्हा झाली. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि टायरमधली हवा कमी झाल्यावर चालकासमोर दिवा लागण्याची सोय नव्या मोटारींत सक्तीची करण्यात आली. आपल्या ट्रॉलीला असा दिवा नाही. आणि चालक तर ट्रॉलीपासून दूर, ट्रॅक्टरच्या सीटवर, इंजिनाच्या आवाजात बसलेला. स्वतःच्या गाडीचा टायर बसला तर स्टिअरिंग सांगते, मागच्या दुसऱ्या ट्रॉलीचे त्याला कोण सांगणार?

आता त्या फुटलेल्या टायरकडे वळू. मुलांना त्याच्या कडेवर लंबगोलात कोरलेले चार अंक सापडले : ३४११. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हा टायर २०११ सालच्या ३४व्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्ट महिन्यात तयार झालेला होता. पालकांनी तो चार वर्षांपूर्वी जुन्या टायरच्या दुकानातून घेतला होता. तो एका मालट्रकचा होता. नक्षी झिजल्यावर त्यावर नवे रबर चढवले गेले, ज्याला आपण रिमोल्ड म्हणतो. नक्षी नवी आणि सांगाडा तेरा वर्षांचा. आतून पाहिल्यावर एका जागी गेटर, म्हणजे आतून चिकटवलेला जाड तुकडा, होता. भिंतीवर बारीक भेगांचे जाळे होते. चिरलेल्या कडेला धाग्यांचे थर हाताने सुटत होते.

रिमोल्ड टायर वाईटच असतो असे आमचे म्हणणे नाही. चांगल्या सांगाड्यावर, नीट तपासून, चांगल्या कारखान्यात रबर चढवले तर तो टायर मालट्रकच्या मागच्या चाकांना उत्तम काम देतो, पैसाही वाचतो. सांगाड्याचे वय आणि प्रकृती कोणी पाहत नाही, ही खरी अडचण. त्यात ट्रॉलीच्या चाकाची एक खोड आहे. ट्रॅक्टरचे मागचे चाक जमीन मागे ढकलते, त्यामुळे त्याची नक्षी झिजते. ट्रॉलीचे चाक नुसते ओढले जाते, गडगडत मागून येते. वर्षातले सहा-सात महिने ते जागचे हलतही नाही. त्यामुळे ट्रॉलीचा टायर नक्षी झिजून क्वचितच बाद होतो. तो म्हातारपणाने, भाराने किंवा उष्णतेने जातो, आणि त्या दिवशीही नक्षी बोटाचे पेर बुडेल एवढी असू शकते. मोटारीच्या टायरमध्ये नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलावा, हा नियम योग्यच आहे. त्याच्या भरवशावर ट्रॉलीचा टायर पारखता येत नाही, इतकेच.

टायर विकत घेताना मग काय पाहावे? आधी मापाइतकेच महत्त्वाचे म्हणजे त्याची भार वाहण्याची ताकद. कडेवर १६ पीआर असे लिहिलेले असते. पूर्वी सुती धाग्यांचे थर मोजून ही संख्या देत. आता नायलॉनमुळे कमी थरांत तेवढीच ताकद येते, म्हणून पीआर हा आकडा थरांची संख्या नसून ताकदीचे माप आहे. त्याहून स्पष्ट सांगणारा आकडा भारांकाचा. मालट्रकच्या १०.००-२० मापाच्या १६ पीआर टायरवर पुष्कळदा १४६/१४३ असे आकडे असतात. १४६ म्हणजे एकटे चाक असेल तर ३००० किलो, आणि १४३ म्हणजे जोडचाक असेल तर प्रत्येकी २७२५ किलो. त्यापुढचे अक्षर वेगाचे असते. ए-६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ए-८ म्हणजे ४०, बी म्हणजे ५०, के म्हणजे ११०. शेतीच्या टायरची ताकद त्या ठरलेल्या वेगापुरतीच खरी असते. वेग वाढला की ती उतरते. बैलगाडीसाठी वेगळे टायर मिळतात, त्यांच्यावर एडीव्ही अशी अक्षरे असतात. जनावरे ओढतील त्या वेगासाठी ते बनवलेले असतात. ती टायरगाडी ट्रॅक्टरमागे जोडून तीसच्या वेगाने पळवणे म्हणजे त्या टायरला त्याच्या कामाबाहेर जुंपणे होय.

परदेशात मोटारीमागे राहण्याची छोटी घरेच ओढून नेण्याची हौस आहे. अमेरिकेत अशा ओढगाड्यांच्या टायरच्या मापाआधी एसटी ही अक्षरे असतात. आपल्या लाल एसटीशी त्यांचा संबंध नाही, 'स्पेशल ट्रेलर' असा त्यांचा अर्थ. ओढल्या जाणाऱ्या चाकाची गरज ओढणाऱ्या चाकापेक्षा वेगळी आहे, ती कडक भिंत आणि भरपूर हवा मागते, हे तिथेही वेगळा टायर काढून मान्य केले आहे. तिथल्या ओढगाड्याही बराच काळ उभ्याच असतात, आणि त्यांचे टायरही पुष्कळदा नक्षी झिजण्याआधी वयाने जातात.

भार किती पडतो हे काढायला आपल्या पालकांना कुठेही जावे लागत नाही. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती प्रत्येक खेपेला हातात येते. त्या पावतीकडे आपण पैशांसाठी पाहतो. तिच्यात टायरचा हिशेबही असतो. समजा दोन ट्रॉल्यांत मिळून २० टन ऊस भरला. एका ट्रॉलीत १० टन. रिकामी ट्रॉली २ टनांची धरली तर एकूण १२ टन. चार चाके, प्रत्येकी ३ टन. वर सांगितलेला १४६ भारांकाचा टायर नवा असेल, हवा पूर्ण असेल, भार चारही चाकांवर अगदी समान असेल तर इथे त्याची ताकद पुरती संपली. शिल्लक काहीच नाही. त्याहून लहान टायर असेल तर पहिल्या पावलालाच तो कर्जात आहे. आणि भार कधीच समान नसतो. मोळ्या एका बाजूला जास्त चढतात, रस्ता कडेला उतरता असतो, शेतातून बाहेर निघताना एक चाक चरीत जाते. त्या दिवशी फुटला तो डावा, उताराकडचा टायर होता. नोंदणीच्या पुस्तकात ट्रॉलीचे रिकामे वजन आणि परवानगी असलेला भार दोन्ही लिहिलेले असतात. पावती आणि पुस्तक एकदा शेजारी ठेवून पाहावे.

टनामागे पैसे मिळतात, फडातली टोळी थांबत नाही, काट्यावर रांग असते, डिझेल जळते. यामुळे चालक जादा भरतो, हे आम्हाला दिसते. त्याच्या एकट्याच्या माथी सगळा दोष मारणे आम्हाला रास्त वाटत नाही. पण हवा भरायला टनामागे काही कमी मिळत नाही. म्हणून निदान तिथे तरी कसूर होऊ नये, असे वाटते.

त्या पालकांच्या उरलेल्या टायरची हवा मुलांनी गेजने मोजली. त्याच ट्रॉलीच्या एका चाकात ६८ पौंड, दुसऱ्यात ५५ आणि तिसऱ्यात ४२ निघाली. तिन्ही टायर पाहायला सारखेच टणक होते. पालकांनी नेहमीप्रमाणे लोखंडी पहार आपटून आवाज ऐकला आणि म्हणाले, "तिन्हीत हवा हाय." होतीच. हवा आहे की नाही एवढे पहार सांगते, किती आहे ते सांगत नाही. आणखी एक गैरसमज तिथेच कळला. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकात १५ पौंडांच्या आसपास हवा असते, वर वजनासाठी पाणीही भरतात. तेवढ्यावर ते चाक ठीक चालते, म्हणून ट्रॉलीचेही कमी हवेवर चालेल असे काही चालकांना वाटते. शेतातल्या चिखलात ट्रॉली रुतू नये म्हणून मुद्दाम हवा काढतात, तेही समजण्यासारखे आहे. मोठा ठसा चिखलात कमी रुततो हे सायकलच्या प्रयोगात दिसलेच. पण डांबरी रस्त्यावर आल्यावर ती हवा पुन्हा भरली जात नाही, आणि पुढचे ११ हजार फेरे तशीच भिंत वाकत राहते.

किती हवा भरावी? टायरच्या कडेवर जास्तीत जास्त भार आणि त्या भाराला लागणारा दाब लिहिलेला असतो. उसाची ट्रॉली नेहमी पूर्ण भारानेच चालते, तेव्हा तोच दाब ठेवावा. जुना टायर आहे म्हणून कमी भरतो, असे पुष्कळ जण म्हणतात. टायर तेवढा दाब सोसणार नाही अशी शंका असेल तर तो भाराखाली नेऊच नये. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजावी. चालून आलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला असतो. दहावीच्या मुलांनी हे गणित सोडवले : सकाळी २७ अंश तापमानाला ७० पौंड असलेली हवा ५७ अंशांपर्यंत तापली तर दाब सुमारे ७८ पौंड होतो. वातावरणाचा १४.७ पौंड दाब आधी मिळवायचा आणि शेवटी वजा करायचा, हे अर्धा वर्ग विसरला होता! असा वाढलेला दाब पाहून गरम टायरची हवा काढू नये. थंड झाल्यावर तो कमी हवेचा टायर होतो. खेप संपल्यावर हाताच्या मागच्या बाजूने चारही टायर व चाकांचे मधले भाग चाचपून पाहावेत. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल तर हवा, बेअरिंग किंवा घासणारा ब्रेक, यांपैकी काहीतरी बिघडले आहे. व्हॉल्व्हची टोपी हरवली तर लगेच दुसरी लावावी. आपल्याकडच्या मातीला तेवढे भोक पुरते.

नवा टायर बसवताना ट्यूब आणि फ्लॅपही नवेच घालावेत. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, तिला आत घडी पडते आणि घडीवरच ती चिरते. एकाच आसाच्या एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला साधा नायलॉन टायर लावू नये. चाक बदलल्यावर पहिल्या खेपेनंतर नट पुन्हा आवळावेत. ट्रॉलीच्या चाकासाठी खोल, आडव्या खाचांच्या नक्षीची गरज नसते. सरळ रेघांची नक्षी हलकी चालते आणि कमी तापते.

हंगाम संपला की ट्रॉली चिंचेखाली किंवा उघड्या रानात उभी राहते ती थेट पुढच्या दसऱ्यापर्यंत. या काळात टायर झिजत नाही, म्हणून तो टिकतो असे वाटते. खरे तर टायर चालता असताना रबरातले संरक्षक मेणासारखे द्रव्य पृष्ठभागावर येत राहते आणि ऊन व हवेतील ओझोनपासून त्याला वाचवते. उभ्या टायरला ते मिळत नाही, म्हणून तो लवकर भेगाळतो. ट्रॉली रिकामी करून आस लाकडी ठोकळ्यांवर टेकवावा, चाके जमिनीपासून उचललेली राहू द्यावीत आणि टायरवर जुनी पोती बांधावीत. चार पोत्यांचे काम आहे. खाली तेल किंवा खत सांडलेले नसावे. हंगामाच्या तोंडावर हवा भरण्याआधी भेगा, फुगवटे आणि कडेवरचे चार अंक पाहून मगच निर्णय घ्यावा. आमचे मत विचाराल तर दहा वर्षांवरचा सांगाडा, नक्षी कशीही असो, उसाच्या भाराखाली घालू नये. त्याआधीही भेगा किंवा फुगवटा दिसला तर वय मोजत बसू नये.

आता विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडे. पंक्चरच्या दुकानात मोठ्या टायरची हवा भरताना समोर उभे राहून गंमत पाहू नका. मालट्रकच्या वीस इंची रिमला बहुधा एक सुटी लोखंडी रिंग असते. ती नीट बसली नसेल तर हवेच्या दाबाने बंदुकीच्या गोळीसारखी उडते. अशा चाकाची हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरायला हवी, आणि भरणारा माणूसही बाजूला, लांब नळी घेऊन उभा असायला हवा. दुसरी गोष्ट मोठ्यांनाही फारशी ठाऊक नसते. टायर चढवलेला असताना रिमवर किंवा तिच्या अगदी जवळ वेल्डिंग करू नये. उष्णतेने आतल्या रबरातून पेट घेणारे वायू निघतात आणि टायरचा स्फोट होतो, हवा काढून टाकलेली असली तरीही होऊ शकतो. ट्रॉलीचा आस किंवा पाटा जोडायचा तर आधी चाक काढून दूर ठेवावे. तिसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायचा नाही. त्या क्षणी तुमचे डोके बरोबर टायरच्या उंचीवर असते. ट्रॉल्या येताना दिसल्या की सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला, जमल्यास बांधापलीकडे, दोन्ही ट्रॉल्या पुढे जाईपर्यंत थांबा. दुसरी ट्रॉली विसरू नका, ती वळणावर पहिलीपेक्षा आत येते.

शाळेच्या प्रयोगशाळेत मालट्रकच्या टायरला चालणारा हवेचा गेज आणला आहे. हंगाम संपेपर्यंत दर शनिवारी सकाळी, शाळा भरण्याआधी अर्धा तास, दहावीची चार मुले आणि आमच्यापैकी एक शिक्षक तो घेऊन फाटकाशेजारच्या मोकळ्या जागेत असतील. पालकांनी रिकामी ट्रॉली तिथे उभी करावी. हवा मोजून, टायरवरचे आकडे वाचून, चारही चाकांची नोंद एका चिठ्ठीवर लिहून दिली जाईल. वजनकाट्याची एखादी जुनी पावती सोबत आणल्यास भाराचा हिशेबही मुले तिथेच करून देतील. ज्यांचा टायर फुटला ते पालक पहिल्या शनिवारी येणार आहेत. त्यांनी तीन टायर बदलले आहेत, चौथ्याबद्दल त्यांना आपल्या मुलांचे मत हवे आहे.